वणवा लागण्याआधी जमिनीची कोरड मोजावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

फाल्गुन उजाडला की इंदूरजवळच्या चोरल, पातालपाणीकडील विंध्याच्या उतारांवर सागाचा पाचोळा साचतो आणि वणव्याच्या बातम्या येऊ लागतात. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाच्या मदतीने आग टिपून नोंदणी केलेल्यांना मोबाइलवर सूचना धाडते. ही सोय मोलाची खरी, पण सूचना येते तेव्हा जंगल पेटलेले असते. जमिनीची कोरड मात्र हळूहळू वाढत असल्याने तिचा अंदाज आठवडाभर आधी बांधता येतो.

अमेरिकेच्या वनसेवेतील कीच आणि बायरम यांनी १९६८ मध्ये मांडलेला शुष्कता निर्देशांक रोजचे कमाल तापमान, रोजचा पाऊस आणि वार्षिक सरासरी पाऊस एवढ्यावरच काढता येतो. पावसाच्या प्रत्येक झडीतले पहिले सुमारे ५ मिलिमीटर पाणी त्यात धरतच नाहीत, कारण ते पानापाचोळ्यातच अडकते. मावठ्याची एक सर आली म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे : वरचा पाचोळा दोन दिवसांत पुन्हा कुरकुरीत होतो आणि खालची माती कोरडीच असल्याने आग बुंध्यांत, मुळांत शिरून धुमसत राहते.

अर्थात हे गणित जसेच्या तसे उचलून चालणार नाही. जमिनीत सुमारे २०० मिलिमीटर पाणी मावते असे त्यात गृहीत धरले आहे. उतारावरच्या वीतभर मुरमात तेवढे कुठून मावणार? इंदूरच्या विमानतळावरील नोंदी माळव्याच्या पठारावरच्या, जंगल घाटात. शिवाय एप्रिलमध्ये आकडा दरवर्षीच चढा असतो. म्हणून तो बीटनिहाय, म्हणजे प्रत्येक वनरक्षकाच्या हद्दीपुरता वेगळा, काढावा आणि त्या तारखेच्या नेहमीच्या आकड्याशी ताडून पाहावा. हवामान खात्याचा अंदाज त्यात घातला की जाळरेषा (आग अडवण्यासाठी मोकळे ठेवलेले पट्टे) आधी कुठे साफ करायच्या, हे वनरक्षकांना ठरवता येईल.

मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळतात, हे वणव्याचे एक मोठे कारण आहे. तो पोटापाण्याचा प्रश्न असल्याने नुसत्या बंदीने काही साधत नाही; कोरड वाढणार असेल तेव्हा गावात आधी दवंडी द्यावी, पाचोळा झाडून बाजूला करायला सांगावे आणि फुले झेलायला झाडाखाली जाळी पुरवावी.

वन विभागाने असा अंदाज काढावा आणि आपणही तो जूनच्या मध्यापर्यंत रोजच्या तापमानाच्या चौकटीत छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर