प्रत्येक दुखरा खांदा ‘फ्रोझन’ नसतो

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतील खांदेदुखीवरचा लेख वाचला. हात वर जात नाही म्हणजे फ्रोझन शोल्डर, मग दोरी-कप्पीने हात ओढत राहायचे आणि दुखले तरी थांबायचे नाही, असा त्याचा सूर आहे. त्यातली पहिलीच पायरी चुकली आहे. सांध्याचे आवरण आखडले (हाच खरा फ्रोझन शोल्डर), कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, फाटली किंवा नस दाबली गेली, तरी रुग्णाची तक्रार एकच असते: हात वर जात नाही.

फरक कळायला साधी तपासणी पुरते. रुग्णाला बसवून कोपर ९० अंशात वाकवायचे आणि बरगडीला टेकवून ठेवायचे. आता मनगट बाहेरच्या बाजूला न्यायचे. आधी रुग्णाने स्वतः, मग तपासणाऱ्याने हलकेच धरून. बहुतेकांचा हात ६० अंशांच्या आसपास सहज वळतो. फ्रोझन शोल्डरमध्ये तो २०-३० अंशांवरच अडतो आणि दुसऱ्याने नेला तरी पुढे सरकत नाही, कारण आवरण पुढून आणि वरून जाड होऊन आवळलेले असते. कोपर बरगडीपासून सुटू देऊ नये. ते सुटले की हात वळल्यासारखा भासतो आणि तपासणी फुकट जाते. इथे एक सावधगिरी हवी. फिट किंवा विजेचा झटका आल्यानंतर खांदा मागच्या बाजूला निखळला असेल, तरीही हात असाच अडतो. म्हणून आधी एक्स-रे, तोही एकाच दिशेने काढलेला नको.

कंडरेच्या दुखण्यात चित्र उलटे दिसते. स्वतःहून हात उचलत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर बराच वर जातो. खांद्याची खोबण उथळ असते, त्यामुळे दंडाच्या हाडाचा गोळा जागेवर धरून ठेवायचे काम रोटेटर कफचे चार स्नायू करतात: सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. डेल्टॉइड, म्हणजे खांद्यावरचा मोठा स्नायू, हाडाला वर खेचतो, कफ त्याला खोबणीत दाबून ठेवतो. कफ कमकुवत झाला की गोळा वर सरकतो आणि त्याची कंडरा वरच्या हाडाखाली चिमटते. हात बाजूने उचलताना साधारण ६० ते १२० अंशांमध्येच कळ येते, ती यामुळे. अशा खांद्याला अंगठा खाली करून डंबेल उचलायला लावणे म्हणजे चिमटा आणखी घट्ट करणे.

हात डोक्यावर नेताना १८० अंशांपैकी सुमारे १२० खांद्याच्या सांध्यात आणि ६० फऱ्याच्या, म्हणजे पाठीवरच्या त्रिकोणी हाडाच्या, सरकण्यातून मिळतात. म्हणून रुग्णाला पाठमोरा उभा करून बघावे. हे फारसे कोणी करत नाही. सांधा आखडला असेल तर हात उचलताना अख्खा खांदा कानाकडे चढतो. भिंत ढकलताना फरा पंखासारखा उचलला गेला, तर फऱ्याला बरगड्यांशी धरून ठेवणाऱ्या सेरेटस अँटीरियर स्नायूची नस, म्हणजे लाँग थोरॅसिक नर्व्ह तपासावी. खांदा निखळल्यानंतर दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिर ठिपका जाणवला तर अॅक्सिलरी नर्व्हला इजा झाल्याचा संशय घ्यावा. निखळलेला खांदा कोणाकडून ओढून बसवून घेऊ नये, ते या नसेमुळेच. ती दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून जाते.

फ्रोझन शोल्डरलाही लेखातला उपाय सरसकट लागू नाही. सुरुवातीच्या महिन्यांत, रात्री झोपू न देणारी कळ असताना, जोराने ताणल्यास दुखणे चिघळते. तेव्हा दुखण्याच्या मर्यादेत हलके झोके पुरेत. ताण नंतर, कळ ओसरल्यावर. मधुमेह असलेल्यांत हा आजार जास्त आढळतो, तेव्हा साखर तपासणे विसरू नये.

शेवटी, खांदा कसाही हलवला तरी दुखण्यात फरक पडत नसेल आणि जिना चढताना डावा खांदा भरून येऊन थांबल्यावर उतरत असेल, तर व्यायाम राहू द्यावा आणि आधी हृदय तपासून घ्यावे.

— एक फिजिओथेरपिस्ट वाचक