यंदा गड्ड्याला येत नाही

ति. आई-बाबांस शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि बाबांनी ‘बघ बाई, तुझं तू’ म्हणून फोन ठेवला असता. म्हणून लिहितेय. संक्रांतीच्या आठवड्यात मी उत्तराखंडात ब्रह्मतालला चाललेय. तिकिटं काढली, रजा मंजूर झाली. रजा तेव्हाच मिळत होती आणि बर्फ काही माझ्यासाठी उन्हाळ्यापर्यंत थांबणार नाही. आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वराची जत्रा, गड्डा, चुकतोय याचं वाईट वाटतंय, पण जायचं ठरलंय.

हे तळं १०,००० फुटांच्या वर आहे, थंडीत गोठतं. वरच्या धारेवर गेलं की समोर ७,१२० मीटरचा त्रिशूल दिसतो. किती वर्षं मनात आहे, ते आईला ठाऊक आहे.

एकटी नाही जात. वाटाडे तिथल्याच गावचे आहेत. काठगोदामहून लोहाजंगला गाडीनं अख्खा दिवस लागतो, रात्री तिथंच मुक्काम. पुढं रोज थोडंथोडंच चढायचं, म्हणजे विरळ हवेची सवय होते. डोकं दुखलं, मळमळलं, तर तळं राहिलं तरी चालेल, मी खाली उतरणार. भुसभुशीत बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटाखाली रुंद स्नोशू बांधतात, त्यानं वजन पसरतं. घट्ट बर्फावर खिळ्यांच्या साखळ्या. सगळं घेतलंय. लोकरीचे मोजेही जास्तीचे घेतलेत.

आई, जेवण गरम मिळतं. तरी तुझी शेंगाचटणी आणि कडक भाकरी नेतेय. गरम वरणात चुरली की झालं. रात्री पाण्याची बाटली स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं, नाहीतर सकाळी आत नुसता बर्फ.

बाबा, तुम्ही बाराबंदी घालून नंदीध्वज पेलायचात, तेव्हा अक्षता सोहळ्याच्या गर्दीत मी काकांच्या खांद्यावर बसून फक्त तुम्हालाच शोधायचे. ध्वज वाऱ्यानं जरा कलला की आई माझा पाय घट्ट धरायची. पण पुढच्या वर्षी तुमची बाराबंदी धुऊन, इस्त्री करून तीच द्यायची. मला अजून तिच्या हाताची ती पकड आठवते.

आता ऐका. लोहाजंगच्या पुढं फोन लागणार नाही. लागला नाही म्हणून रात्र जागून काढू नका, ट्रेकवाल्यांचा नंबर दादाकडे आहे. बाबा, या वर्षी गर्दीत शिरायचं नाही, बीपीची गोळी नाश्त्यानंतर लगेच, आणि पाकीट संपायच्या आत नवं आणायचं. आई, अडुसष्ट लिंगांचं दर्शन चालत करायचं नाही, रिक्षा सांग, गुडघ्याला पट्टा बांध. शोभेचं दारूकाम गच्चीवरून बघा, तिथंही स्वेटर घालून. खाली उतरल्यावर पहिला फोन तुम्हालाच करेन, दादाला नाही.

तुमची,
तायडी