मिरजेच्या चाचांना, अण्णांच्या तंबोऱ्याबद्दल

आदरणीय चाचा,

सविनय नमस्कार.

आपल्या हातून नीट होऊन आलेला अण्णांचा तंबोरा त्यांच्या वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी आमच्या घरात वाजला. त्या दिवशी फोनवर माझ्याने धड बोलवले नाही, म्हणून हे पत्र. ते सर्वांसमोर लिहिते आहे, कारण ज्यांच्या घरी एखादे जुने वाद्य गवसणीत पडून आहे त्यांनीही ते मोडीत काढण्यापूर्वी एकदा मिरजेची वाट धरावी.

अण्णा साताऱ्यात पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि संध्याकाळी प्रवेशिका, मध्यमाच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना गाणे शिकवत. आई परिचारिका, तिची सकाळची पाळी असली की आम्हा दोघी बहिणींच्या वेण्या अण्णाच घालत. तीन पेड हातात घेऊन ते ‘सारेग, रेगम, गमप’ असा पलटा म्हणत, प्रत्येक पेडाला एक स्वर, आणि आमच्याकडून स्वर चुकला की वेणी सोडून पुन्हा पहिल्यापासून. शाळेला उशीर होई तो वेगळाच. बाहेरगावच्या मैफलीचे बोलावणे आले की ते आधी आईच्या पाळ्यांचा कागद पाहत आणि बहुतेक वेळा नकार कळवत. त्याची त्यांना हळहळ नव्हती असे मी म्हणणार नाही. नकाराचे पोस्टकार्ड लिहून झाले की ते तंबोरा जरा जास्तच वेळ जुळवत बसत.

हा तंबोरा त्यांनी १९७४ साली मिरजेहून आणला, रेल्वेच्या डब्यात सबंध वाट मांडीवर धरून. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब ज्या दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत तेथील उरुसाच्या संगीतसभेला जमेल तेव्हा ते जात राहिले. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याच्या बातमीचे कात्रण आपल्याला गवसणीच्या खिशात सापडले, ते त्यांनीच ठेवलेले.

ते गेल्यावर घर बदलताना भोपळ्याला तडा गेला. चूक आमचीच, गवसणीभोवती एखादी गोधडी गुंडाळावी एवढेही आम्हाला सुचले नाही. नवा घ्या, असे पुष्कळांनी सांगितले. आपण मात्र भोपळ्यावर टिचक्या मारून कान लावलात आणि म्हणालात, हा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा जाड सालीचा भोपळा आहे, असा आता सहजी मिळत नाही, सांधू या. मग तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून, तारेखाली सुताचा दोरा केसभर मागेपुढे सरकवत आपण जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजत राहणारा झंकार, काढू लागलात, तेव्हा मी समोरच बसले होते. बद्द वाजणारी खर्जाची तार एका जागी अचानक उमलली आणि आपण दोरा तिथेच सोडून हात मागे घेतलात.

दोन गोष्टींबद्दल मात्र आपले विशेष आभार मानायचे आहेत. माझ्या आवाजाच्या पट्टीसाठी, म्हणजे काळी चारसाठी, तारा बदलून द्या असा हट्ट मी धरला होता. हे वाद्य काळी एकच्या खालच्या पट्टीचे आहे, इतके चढवले तर तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, ताण येईल, असे सांगून आपण तो मोडून काढलात. आणि पॉलिश करताना, दांडीवर अण्णांचा गाल टेकून टेकून जी जागा फिकट झाली होती, ती आपण न विचारता तशीच ठेवलीत. बाकी सारी दांडी चकचकीत आहे, तेवढी वीतभर जागा नाही. आईचा हात प्रथम तिथेच गेला.

आपण केवळ तारांचे आणि मजुरीचे पैसे घेतलेत, त्यावर वाद घालण्याची माझी प्राज्ञा नाही. उरुसाला आम्ही सगळे येणार आहोत. तंबोरा सोबत आणू. पावसाळी हवेने मधल्या जोडाच्या एका तारेची जवारी पुन्हा थोडी बंद झाली आहे, ती आपण पाहून द्यावी.

आपली कृतज्ञ,
अण्णांची धाकटी मुलगी