एक चूक दुरुस्त करायची राहिली आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात निधनवार्तांमध्ये आमच्या एका मित्राची चार ओळींची बातमी आली. नाव, वय, राहत्या घरी झोपेत हृदयविकाराने निधन, पश्चात पत्नी आणि मुलगा. नाव तिथे छापून आलेलंच आहे म्हणून मी परत लिहीत नाही, आम्ही तसंही त्याला नावाने कधी हाक मारली नाही, आमच्यासाठी तो कोपऱ्या. शाळेच्या कबड्डी टीमचा लेफ्ट कॉर्नर. आणि मी त्याच्या शेजारचा, लेफ्ट इन.

ज्यांनी कबड्डी खेळलीय त्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो, कॉर्नर आणि इन ही जोडी असते, साखळी करून हातात हात घालून उभी राहते. त्याचा उजवा हात माझ्या डाव्या हातात. आठवी ते दहावी, तीन वर्षं रोज. त्याचं मधलं बोट नववीत एका पकडीत पेरातून मोडलं होतं, ते नीट जुळलंच नाही, वाकडंच राहिलं, आणि साखळी धरली की ते वाकडं बोट माझ्या तळहाताला बरोबर टोचायचं. डोळे मिटून शंभर हात हातात दिले असते तरी मी त्याचा ओळखला असता. आमची खूण ठरलेली होती, हात एकदा दाबला की जा, दोनदा दाबला की थांब. तोंडाने एक शब्द बोलायचा नाही.

1990 ला बीजिंगच्या एशियाडमध्ये कबड्डी पहिल्यांदा पदकासाठी आली आणि भारताने गोल्ड आणलं तेव्हा आम्ही नववीत होतो, त्या बातमीने वेड लागल्यासारखं झालेलं. सगळ्यांना रेडर, म्हणजे चढाई करणारा, व्हायचं होतं. टाळ्या चढाईला पडतात, पेपरात नाव पण चढाईवाल्याचंच येतं, ‘अमुकच्या खोलवर चढायांच्या जोरावर’ वगैरे. याला फक्त कोपरा हवा होता. तो म्हणायचा रेडरच्या तोंडाकडे बघायचंच नाही, खांदे आणि डोळे खोटं बोलतात, पाय बोलत नाहीत. बोनस, म्हणजे जादा पॉइंट, घ्यायचा तर एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकताना दुसरा हवेत असावा लागतो, म्हणजे तेवढ्या क्षणापुरता कितीही मोठा रेडर असला तरी एकाच पायावर उभा असतो, आणि तोच क्षण आपला. आधी गेलास तर तो सावध, नंतर गेलास तर तो मध्यरेषेवर. मी त्याला घोटा धरताना इतक्यांदा बघितलंय, झेप दिसायचीच नाही, हात एकदम रिकामा व्हायचा आणि बघतो तर रेडर तोंडावर पडलेला.

आता टीव्हीवर एका मॅचमध्ये पकडीचे पाच पॉइंट घेतले की हाय फाइव्ह म्हणतात, ग्राफिक येतं, नाव चमकतं. आमच्या त्या वर्षीच्या सेमीफायनलला कोपऱ्याच्या सहा पकडी होत्या. मी मोजल्यात. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दोन रेडरची नावं आली, याचं नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते. 1991, दहावीचं वर्ष, आंतरशालेय फायनल. शेवटची चढाई त्यांची, आम्ही एका पॉइंटने पुढे आणि मैदानात आमच्याकडून दोघंच उरलेलो, तो आणि मी. बाकीचे पाच बाद होऊन बाहेर बसलेले, तिकडून ओरडत होते. खरंतर आम्हाला काहीच करायचं नव्हतं, मागे सरकून रेडरचा दम संपू द्यायचा, बस. तो रेडर आला, इकडून तिकडे नाचला, आणि कोपऱ्याने माझा हात दोनदा दाबला. दोनदा. ते वाकडं बोट दोनदा टोचलेलं मला आजही जाणवतं. पण मला रेडरची मांडी समोर दिसली आणि मी गेलो. मांडी हातात आली आणि निसटली. मी सुटतोय बघून कोपऱ्याने झेप घेतली, त्याला जायचं नव्हतं, तो फक्त माझ्यासाठी गेला, आणि आम्हा दोघांना ओढत त्या पोराने मध्यरेषेला हात लावला. आमचे दोघांचे दोन आणि लोणाचे, म्हणजे अख्खी टीम बाद झाल्याचे, दोन, चार पॉइंट. तीनने हरलो.

सरांनी विचारलं, पहिलं कोण गेलं? मी तोंड उघडायच्या आत हा म्हणाला, मीच खुणावलं सर, माझी घाई झाली. आणि मी गप्प बसलो. सगळी टीम त्याला बोलली, मी गप्प. दुसऱ्या दिवशी पेपरात (कुठला ते महत्त्वाचं नाही, त्या वार्ताहराने जे कानावर आलं ते लिहिलं) आलं की डाव्या कोपऱ्याने घाई केल्याने हातचा सामना गेला. नाव तेव्हाही नव्हतं. मी ती बातमी वाचून शाळेत जायला घाबरत होतो आणि हा पेपर घेऊन माझ्याकडे आला आणि खरोखर आनंदाने म्हणाला, बघ, आपला कोपरा पेपरात आला.

नंतर मी खेळ सोडला, नोकरी, बदल्या, भेटी कमी झाल्या. त्याने सोडला नाही. रोज सकाळी ऑफिसच्या आधी पोरांना शिकवायचा, फी नाही, काही नाही. परवा त्याच्याकडे गेलो होतो, सातातले आम्ही चौघं जमलो, तिथे त्याने शिकवलेला एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा होता. त्याला विचारलं कुठे खेळतोस, म्हणाला लेफ्ट इन. म्हणलं सरांनी काय शिकवलं? तर म्हणाला, ‘एकदा दाबला की जा, दोनदा दाबला की थांब. आणि चुकून गेलासच तर घाबरू नको, कॉर्नर तुझ्या मागे येतोच.’ मला पुढे काही बोलता आलं नाही.

त्याला मी कधी सॉरी म्हणालो नाही. दोन-तीनदा विषय काढायचा प्रयत्न केला तर तो हात झटकून दुसरंच बोलायला लागायचा, आणि मला ते सोयीचं होतं म्हणून मीही सोडून दिलं, हे जास्त लागतंय आता.

तुम्हाला दोन विनंत्या आहेत. शालेय स्पर्धांच्या बातम्या देता तेव्हा पकडी करणाऱ्यांची नावंपण छापत जा, जागा नसेल तर चढाईवाल्याचं एक विशेषण कमी करा, पण नाव छापा. त्या वयात छापलेलं नाव काय असतं हे मी बघितलंय, नुसता ‘कोपरा’ छापून आला तरी एक मुलगा किती खूश झाला होता.

आणि दुसरी, ही एवढी दुरुस्ती छापा. आमच्या टीममधले जे हे वाचतील, आमचे सर वाचतील, त्याचा मुलगा वाचेल. 1991 च्या त्या फायनलमध्ये डाव्या कोपऱ्याने घाई केली नव्हती. त्याने हात दोनदा दाबला होता. घाई शेजारच्याने केली.

आपला,
त्या टीमचा लेफ्ट इन