सहीचा जबाब कोण देणार?

लातूर
१२ मे

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार. 'तुम्ही प्राध्यापक मंडळीच डोळेझाक करता, म्हणून पोरं कॉपी करतात,' हे तुझं वाक्य झोंबलं. खरंही आहे, पण डोळेझाक होते कुठे ते तुला ठाऊक नाही.

परवा सुपरव्हिजनला होतो. शेवटच्या बाकावरचा पोरगा सारखा बाहीशी चाळा करत होता. आत मायक्रो झेरॉक्स! अख्खं गाईड काडेपेटीत मावेल एवढं बारीक केलेलं, निऱ्या घातलेलं. कॉलेजच्या फाटकासमोर उघड मिळतं. परीक्षेच्या दिवसांत दुकानदाराला जेवायलाही फुरसत नसते. उत्तरपत्रिका काढून घेतली, दुसरी दिली, जबाब घेतला, रिपोर्ट लिहिला. संध्याकाळी स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ सर हळूच म्हणाले, "तुम्ही सीएचबीवर. कशाला अंगावर घेता?" सीएचबी म्हणजे तासाच्या बोलीवरची नोकरी. जूनमध्ये मला तासिका द्यायच्या की नाही, हे ठरवण्यात त्यांचाही शब्द चालतो. अशा माणसावर कॉपी थांबवायची जबाबदारी टाकून बाकी सगळे मोकळे!

कायदा म्हणशील तर राज्यात १९८२ पासून आहे. केंद्राचा २०२४ चा गाजला, १० वर्षांपर्यंत कैद, १ कोटीचा दंड. पण तो नीट, यूपीएससी, रेल्वे भरतीतल्या पेपरफोड्या टोळ्यांसाठी. आमच्या बी.कॉम.च्या पोराला त्याचं काय? पीएच.डी.च्या प्रबंधाला यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे नियम लागतात: १० टक्क्यांपर्यंत मजकूर जुळला तर माफ, ६० च्या वर गेला तर नोंदणीच रद्द. पदवीच्या प्रोजेक्टचं मात्र फक्त बाइंडिंग बघतात.

आणि कॉपीची खरी शिकवणी तिथेच होते. तुम्ही इंजिनिअरिंगला जीटी मारायचात ना, काचेखाली बल्ब लावून दुसऱ्याची शीट उतरवायची? मास्तरांना सगळं ठाऊक, तरी सही मिळायची. आमच्याकडे आता ते काम चॅटजीपीटी करतं, नाहीतर मागच्या वर्षीचा प्रोजेक्ट. यंदा एकाने आभाराच्या पानावर मागच्या वर्षीच्या मुलीच्या आईवडिलांची नावं तशीच ठेवली होती. मार्क? २० पैकी १८. निकाल घसरला की अॅडमिशन घसरतात, म्हणून वरूनच तसा इशारा असतो. तीन वर्षं न वाचता सह्या करायच्या आणि परीक्षेत त्याच पोराला चोर ठरवायचं, हे मला पटत नाही. त्याला पकडूच, पण सही करणाऱ्याचाही जबाब घ्या, आणि इशारा देणाऱ्याचाही.

माझ्या वाट्याच्या प्रोजेक्टांची मी तोंडी घेतली. बऱ्याच जणांची बोबडी वळली. एक पोरगी मात्र गावच्या दूध संकलन केंद्रावर स्वतः बसून लिहून आली होती. दुधातल्या फॅटवरून दर कसा पाडतात ते सांगताना थांबेचना. विभागप्रमुख म्हणाले, "एवढा वेळ कुणाला आहे?" मार्क मी मला योग्य वाटले तेच दिलेत. यादी अजून त्यांच्या टेबलावर पडून आहे.

दिवाळीला येतोयस ना? उरलेलं भांडण तेव्हा. वहिनींना नमस्कार, चिंटूला गोड पापा.

तुझाच,
दिल्या