चाचा, तुम्ही पाठ फिरवलीत त्याबद्दल

चाचा, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. तंबोरा न्यायला आले तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, "नावबिव नको ताई, लोक येतात आणि फुकटात जवारी काढून मागतात." (जवारी काढणं म्हणजे तारांखालची घोडी घासून तंबोऱ्याचा स्वर खुलवणं.) म्हणून नुसतं चाचा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत "चाचा" म्हणून हाक मारली तर दहा जण मान वळवतील, त्यामुळे तुम्हाला काही धोका नाही.

हे पत्र केव्हाच लिहायचं होतं. पण लिहायला बसलं की मला करवतीचं मशीन विकणाऱ्या त्या दुकानदाराचा राग आधी उसळून यायचा आणि तुमचे आभार राहायचे बाजूला. आता राग जरा निवलाय. सगळा नाही.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मी सांगलीत गावभागात राहते, घरीच बालवाडी चालवते. मुलांना हातात धरता येतील, बोटानं गिरवता येतील अशी लाकडी अक्षरं मी कापते. हे वडिलांकडून आलं. ते शाळेत चित्रकला आणि हस्तव्यवसाय शिकवायचे. त्यांची नक्षीची हातकरवत माझ्याकडे होती, यू आकाराची चौकट आणि तिच्यात दोऱ्यासारखं ब्लेड. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमचा खालचा मजला बुडाला. गाळ उपसताना करवत सापडली, पण ती करवत राहिली नव्हती. पुढं माझ्या बोटांत संधिवात शिरला. सकाळी पेरं सुजलेली असतात, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. नवी हातकरवत घेऊन तरी काय करणार होते?

म्हणून स्क्रोल सॉ घ्यायचं ठरवलं. टेबलाच्या मधून बारीक उभं ब्लेड वरखाली होत राहतं आणि आपण फळी फिरवायची, शिलाई मशीनवर कापड फिरवतो तशी. करवत ओढायचा ताण नाही. माझ्यासाठीच केलंय कुणीतरी, असं वाटलं मला.

मग सल्ले सुरू झाले. दीर कुपवाडला एमआयडीसीत असतात. ते म्हणाले, "वहिनी, जिगसॉ घ्या, एका हातात धरायचं, सगळं होतं." अहो, तेच तर धरता येत नाही! एक जण म्हणाला, लेझरवर कापून आणा, आजकाल कोण हातानं कापतं? हो, आणि भाजी-भाकरी पण बाहेरून आणते, मग मी घरात करू काय?

शेवटी आम्ही दोघं एका मोठ्या दुकानात गेलो. दुकानाचं नाव सांगत नाही. विचारत होते मी, दुकानदार उत्तरं देत होता आमच्या ह्यांना. हे आयुष्यभर बँकेत होते, करवत आणि कानस यांतला फरक त्यांना आजही सांगता येणार नाही. तरी सगळं त्यांनाच. "सोळा इंची आहे साहेब. मॅडमना बास झालं." सोळा इंच म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत, हे त्यानं सांगितलं नाही आणि लाजेनं मीही विचारलं नाही. ती चूक माझी.

घरी आणून चालू केलं तर फडताळातली भांडी वाजायला लागली. फळी ब्लेडबरोबर उड्या मारायची. चार दिवस मला वाटत होतं माझेच हात थरथरताहेत. दुकानाच्या माणसानं ब्लेड उलटं बसवून दिलं होतं, हे तुम्ही सांगेपर्यंत कळलं नाही. दात खाली बघणारे हवेत, म्हणजे कापताना फळी टेबलावर दाबली जाते. वर बघत असले की फळी उचलली जाते. एवढी साधी गोष्ट.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. त्या मशीनला फक्त पिनवाली ब्लेडं बसायची, दोन्ही टोकांना आडवी पिन असलेली. अक्षराच्या आतलं लाकूड काढायचं तर आधी भोक पाडून त्यातून ब्लेड ओवावं लागतं, आणि ती पिन जायला भोक जवळजवळ पेन्सिल जाईल एवढं लागतं. इंग्रजीत बरंय, सी, एल, टी बाहेरून कापले की झालं. आपल्याकडं कुठं शिरोरेषा, कुठं उभी दांडी अक्षराचं पोट बंद करते. व ला एक पोट. ष ला आणि ब ला दोन-दोन, तीही चिंचोळी. पेन्सिलीएवढं भोक तिथं पाडायचं म्हणजे अक्षरच फोडायचं. माझा क डाव्या गोलातून चिरला आणि दोन तुकडे झाले.

ते तुकडे घेऊन दुकानात गेले. दुकानदारानं तुकडे हातात घेतलेच नाहीत. त्यानं माझ्या बोटांकडं बघितलं, चांगलं निवांत बघितलं, मग ह्यांच्याकडं वळून म्हणाला, "साहेब, हे मॅडमच्यानं व्हायचं नाही." मशीन परत घेणार नाही, हे तर आलंच.

क चे तुकडे पिशवीत तसेच राहिले. त्याच आठवड्यात लेकीच्या तंबोऱ्याची जवारी काढायला तुमच्याकडं आले, पैसे काढताना तुकडे बाहेर पडले आणि तुम्ही ते उचललेत. कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवलात. म्हणालात, "ब्लेड ढिलं होतं. हात चांगला आहे."

"हात चांगला आहे." चाचा, त्या आठवड्यात हे मला कुणी म्हणेल असं स्वप्नातही आलं नसतं.

मग तुम्ही मला मागच्या खोलीत नेलंत. तंबोऱ्यावर बसवायची पानं, वेलबुट्टी तुम्ही तिथल्या जुन्या मशीनवर कापता. डबीतून पाच रुपयांचा जुना जाड ठोकळा काढून मशीनच्या टेबलावर कडेवर उभा केलात आणि मशीन चालू केलंत. गती हळूहळू वाढवत नेलीत. ठोकळा हलला नाही. "आता तुमच्या मशीनवर करून बघा," म्हणालात. घरी केलं, बटण दाबल्याबरोबर ठोकळा घरंगळत कपाटाखाली. किंमत, इंच, कंपनी, कशाचीच चौकशी न करता मशीनची लायकी कळायची ही रीत त्या दुकानदाराला माहीत नसेल? की असेल?

सोळा इंचांचा उलगडाही तुम्हीच केलात. ब्लेडपासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर ते. मोठी फळी गोल फिरवताना मागं अडू नये म्हणून. "तुम्हाला देवघराची अख्खी महिरप कापायचीय का? नाही ना? चार इंची अक्षराला सोळा झाले काय, वीस झाले काय." इंच बघू नका, म्हणालात. मशीनचा अख्खा हात हेलकावतो की फक्त पुढचं टोक हलतं, ते बघा. हलणारा भाग जेवढा थोडा, तेवढी थरथर कमी. गती कमीजास्त करायचं बटण पाहिजेच, प्लायवूड, साग आणि सेल्युलॉइड एकाच गतीनं कापत नाहीत. आणि ब्लेड बिनपिनचं. त्याला सुईएवढं भोक पुरतं.

ब्लेड ताणून तुम्ही त्याला नखानं छेडलंत, ते मी अजून रोज करते. टणत्कार आला. स्क्रू थोडा पिळून पुन्हा छेडलंत, स्वर चढला. "उतरलेली तार आणि ढिलं ब्लेड, दोन्ही बेसूर," म्हणालात आणि स्वतःच हसलात. तुमचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे, त्यांच्यातून सतारी बनवणारी घराणी निघाली, हे तेव्हाच सांगितलंत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो कागदही दाखवलात, पण ब्लेडइतक्या कौतुकानं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

तुम्ही ब्लेड काढून माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "आता तुम्ही बसवा." वर एक चिमटा, खाली एक चिमटा, दोन्हींना अंगठ्यानं फिरवायचे स्क्रू. ब्लेड पाच इंचांचं, वजन नसल्यासारखं. माझ्या बोटांतून ते सुटून टेबलाखाली गेलं. वाकून उचललं. पुन्हा सुटलं. कान गरम झाले. आता हा माणूस "द्या इकडं" म्हणणार, असं वाटलं. वर बघितलं तर तुम्ही पाठ करून उभे. फळीवर काहीतरी शोधत होतात. एक डबी उघडलीत, बंद केलीत. दुसरी उघडलीत. तीच पहिली पुन्हा उघडलीत. पोराला चहा सांगितलात, तोही दोनदा. मी तिकडं खालचं टोक चिमट्यात घालतेय, ते निसटतंय, शिवी तोंडात येतेय (एक आली, तुम्ही ऐकली असणार), वरचं टोक बसतंय, खालचं निघतंय. चांगली दहा मिनिटं गेली असतील. तुम्ही एकदाही वळला नाहीत.

मी ब्लेड छेडलं. बद्द आवाज आला. तेव्हा तुम्ही पाठमोरेच म्हणालात, "अजून थोडं." मी स्क्रू पिळला. छेडलं. वाजलं.

मग वळलात. "काय शोधत होता?" मी विचारलं. "सापडलं," म्हणालात. हातात काहीच नव्हतं.

माझ्या बोटांना काय झालंय, हे तुम्ही विचारलं नाहीत. आजपर्यंत नाही. फक्त एवढंच म्हणालात की चावीनं उघडायच्या चिमट्याचं मशीन घेऊ नका, "चावी सगळ्यांचीच हरवते." माझ्या एकटीसाठी सांगताय, हे तुम्ही दिसू दिलं नाहीत. ब बनवायचा तर ब्लेड तीनदा बसवावं लागतं, दोनदा आत आणि एकदा बाहेर. अख्ख्या मुळाक्षरांसाठी किती वेळा, ते तुम्ही मनात मोजलं होतं. माझ्यासाठी मशीन निवडायची कसोटी तीच होती आणि ती कुठल्याच माहितीपत्रकात छापलेली नसते.

मदत करणारे खूप भेटतात, चाचा. बसमध्ये, बँकेत, लग्नाच्या पंगतीत. हातातलं काढून घेतात आणि चार माणसांत मोठ्यानं म्हणतात, "राहू द्या, तुम्हाला जमणार नाही." त्यांचं मन वाईट नसतं. आमच्या घरीच बघा, हे बरणीची झाकणं आधीच ढिली करून ठेवतात आणि वर सांगतात की ढिली करून ठेवलीत. (ह्यांनी हे वाचलं तर रुसतील. रुसू देत, पण बरण्यांबद्दल थँक्यू.) त्या दुकानदारानं माझ्या बोटांकडं बघितलं. तुम्हीही बघितलंच असणार, तुमची नजर काय साधी आहे? पण एकदा बघून मग कुठं बघायचं नाही, ही अक्कल कुणी कुणाला शिकवत नाही. सभ्य माणसं म्हणजे अशीच असावीत. मिरजेच्या दर्ग्यातल्या संगीत सभेला गर्दीत मागं बसून मान डोलावतात आणि आपण कोण, हे कुणाला कळू देत नाहीत, तसली.

ते पहिलं मशीन तोट्यात विकलं. कोल्हापूरला जाऊन नवीन घेतलं. काउंटरवर ठोकळा उभा केला तेव्हा दुकानातली पोरं हसली. मग म्हटलं, थांबा, ब्लेड मी बसवून बघणार. बसवायला सात मिनिटं लागली. मागचं गिऱ्हाईक घड्याळ बघत होतं, बघू दे. आमचे हे दाराशी जाऊन पाठ करून उभे राहिले. मी त्यांना तुमची गोष्ट सांगितली होती. तरी ते दोनदा वळून बघतातच, शिकतील हळूहळू.

आता मशीनखाली रबराची जाड चटई आहे, भांडी वाजत नाहीत. ह, ळ आणि ज्ञ राहिलेत. ज्ञ ला मी अजून घाबरते. तुमच्यासाठी पहिला धड निघालेला क ठेवलाय, सागाचा आहे, कडा घासून मऊ केल्यात.

एकच अडचण आहे. बारीक पोटांसाठी तुम्ही दिलेली दोन नंबरची ब्लेडं संपली, ज्ञ नं एकट्यानं चार खाल्ली. सांगलीत पाच नंबरच्या खाली कुणाकडं मिळत नाही. तुम्ही कुठून आणता, ते विचारायचं राहिलं. रविवारी दुपारी येते. चहा एकदाच सांगा.

तुमची,
तंबोरावाल्या पोरीची आई