मुलं ज्यांचं ऐकतात, त्यांना हाताशी धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की पन्हाळ्याच्या रस्त्यावर ट्रिपल सीट पोरं दिसू लागतात आणि पंचगंगा चढली की पुलावरून उड्या सुरू होतात. मग शाळेत व्याख्यान होतं, अपघाताचे फोटो दाखवले जातात आणि विषय तिथंच मिटतो. पंधरा वर्षांच्या पोराला धोका कळत नाही, असं धरून हा सगळा खटाटोप चालतो. धोका त्याला चांगला कळतो. मित्र बघत असले की त्याची पर्वा राहत नाही.

अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये हे तपासलं. पडद्यावर गाडी चालवायची, पिवळा दिवा लागल्यावर कुठं थांबायचं ते आपण ठरवायचं. जितकं पुढं जाल तितके गुण, पण भिंतीवर आदळलात तर सगळे गेले. १३ ते १६ वयाची मुलं एकटी असताना मोठ्यांइतकीच सांभाळून खेळली. मित्र सोबत असताना मात्र त्यांनी कितीतरी जास्त धोका पत्करला. चोविशीच्या पुढच्यांवर मित्र असण्या-नसण्याचा फारसा परिणाम दिसला नाही.

त्यामुळं ‘जपून चालव’ म्हणण्यापेक्षा ‘मागं कोण बसणार?’ हे विचारा. लायसन्स मिळाल्यावर पहिलं वर्षभर मित्राला मागं बसवू देऊ नका. अठराच्या आत तर गाडीची चावीच देऊ नये. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड आहे, शिवाय गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते.

माव्याचं गणित वेगळं. पानपट्टीवर उभी असलेली चार पोरं सगळ्यांना दिसतात, न खाणारी चाळीस कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. त्यात सरच प्रार्थनेला म्हणाले, ‘हल्ली सगळेच मावा खातात’, तर उरलेल्यांना आपणच मागं राहिलोय असं वाटतं. त्यापेक्षा बिननावाच्या चिठ्ठीवर दोन प्रश्न विचारा: तू खातोस का? वर्गात किती जण खात असतील? दुसरा आकडा बहुधा फुगलेला निघतो. तसा निघाला तर दोन्ही आकडे त्याच वर्गासमोर फळ्यावर मांडा.

इंग्लंड-वेल्समधल्या ५९ शाळांत धूम्रपानाविरुद्ध एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. १२-१३ वर्षांच्या मुलांनाच विचारलं, तुम्ही कुणाला मानता? सर्वाधिक नावं आलेली साधारण १७ टक्के मुलं निवडली. साठच्या वर्गात ही दहा होतात. त्यांना शाळेबाहेर दोन दिवस प्रशिक्षण दिलं आणि दहा आठवडे त्यांनी मधल्या सुट्टीत, बसमध्ये सहज गप्पांतून विषय काढला. भाषण नाही, पोस्टर नाही. ज्या शाळांत हे झालं, तिथं इतर शाळांपेक्षा धूम्रपान करणारी मुलं कमी निघाली. दोन वर्षांनी परिणाम ओसरला, म्हणून दरवर्षी नव्या तुकडीला हे करावं लागतं.

आपल्याकडं ही यादी शिक्षक करतात आणि हुशार, शांत मुलं निवडतात. तिथंच सगळं फसतं. मागच्या बाकावरचा, फुटबॉल खेळणारा, ज्याच्या एका शब्दावर वर्ग हसतो, तो यादीत हवाच. दुसरी चूक याहून घातक: ‘बिघडलेली’ पंधरा पोरं निवडून त्यांचंच वेगळं शिबिर घेणं. तिथं ती एकमेकांना दाद देतात आणि आणखी धीट होऊन परततात.

पेठांतल्या तालमींकडं हे काम सोपवता येईल. आठवी-नववीतली पोरं तालमीतल्या मोठ्या खेळाडूचं ऐकतात, घरच्यांचं नाही. जुलैत निवड आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, तर पुढचे दहा आठवडे दिवाळीच्या सुट्टीआधी आरामात बसतात.

आपला,
एक शालेय समुपदेशक, कोल्हापूर